बिअरच्या जत्रेतला केकचा तंबू

काकांच्या घरी पहिल्या संध्याकाळी मी उपाशी झोपलो. यात काकांची काही चूक नव्हती, हे कळायला मला बराच काळ लागला. त्या संध्याकाळी मात्र मी मनातल्या मनात त्यांना बरंच काही म्हणून घेतलं.

झालं असं, की मी पुण्याहून नोकरीसाठी ऑकलंडला आलो. दोन हजार साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. परदेशातून आईला फोन करायचा तर कार्ड विकत घेऊन, त्यावरचा नंबर खरवडून करायचा, त्या काळातली ही गोष्ट. ऑफिस माउंट वेलिंग्टनला आणि खोली मिळाली हेन्डरसनला. म्हणजे शहराच्या एका अंगाला झोपायचं आणि दुसऱ्या अंगाला जाऊन कॉम्प्युटरसमोर जागं राहायचा प्रयत्न करायचा. घरमालक मूळचे सांगलीचे, इथल्या एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. सगळे त्यांना काका म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. मी बॅगा ठेवल्या, हातपाय धुतले. स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास येत होता. काकांनी दारातून विचारलं, "जेवणार?"

मी म्हटलं, "नको नको काका, विमानात झालंय."

या वाक्याचा अर्थ कुठल्याही मराठी माणसाला सांगावा लागत नाही. अर्थ असा, की आता तुम्ही पुन्हा विचारा, मग मी 'बरं, थोडंसं' म्हणतो, मग तुम्ही 'थोडंसं काय, नीट जेव' म्हणा. आमच्याकडे तर पाहुणा तिसऱ्यांदा नको म्हणाला की मगच कुकर लावतात. काका म्हणाले, "बरं." मग त्यांनी एकच ताट घेतलं, जेवले, ताट धुतलं आणि स्वयंपाकघरातला दिवा बंद केला.

मी खोलीत बसून दिव्याच्या त्या खटक्याचा आवाज ऐकला. आईने दिलेले बेसनाचे लाडू विमानतळावरच्या तपासणीत तुपासकट जमा झाले होते. सकाळी उजाडल्याबरोबर कोपऱ्यावरच्या डेअरीत गेलो. इथे डेअरी म्हणजे दुधापासून बुटाच्या लेसपर्यंत सगळं विकणारं दुकान. तिथून एक ब्रेड घेतला आणि दुकानाबाहेरच उभ्याने, कशाशिवाय, निम्मा संपवला. तेवढ्यात काका फिरून परत येताना दिसले. त्यांनी ब्रेडकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "भूक होती तर हो म्हणायचं."

काका प्रत्येक गोष्ट एकदाच विचारत आणि एकदाच सांगत. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन आणि पायात जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी चपला, असा त्यांचा बारमाही वेष. किरकोळ शरीरयष्टी, आवाज हळू. तो हळू आवाज एकदाच यायचा, त्यामुळे घरात रेडिओ लावायचीही मला भीती वाटायची. "कचऱ्याची गाडी मंगळवारी." "गीझर आधी लावावा लागतो." संपलं. मंगळवार की बुधवार असं पुन्हा विचारलं, तर ते कान ठणठणीत असून बहिऱ्याचं सोंग घेणाऱ्या माणसाकडे पाहावं तसे माझ्याकडे पाहत.

एकदा त्यांनी मला ऑफिसातून घरी यायचा गाडीचा रस्ता सांगितला, तोही अर्थात एकदाच. मी 'कळलं, कळलं' म्हणालो, कारण 'कळलं नाही' म्हणणं पुण्यात शिकवत नाहीत. मग मोटरवेवर चुकीच्या बाजूला वळलो आणि पश्चिमेच्या हेन्डरसनऐवजी थेट पूर्वेच्या बॉटनी डाउन्सला पोहोचलो. तिथल्या शॉपिंग सेंटरच्या पार्किंगमध्ये एका मराठी दिसणाऱ्या गृहस्थाला रस्ता विचारला. ते मराठीच निघाले. त्यांनी रस्ता चार वेळा सांगितला, घरी नेलं आणि चकल्या खायला घातल्या. आमची मैत्री झाली. हे मित्र आणि त्यांच्या घरातला मोठा ओव्हन पुढे या गोष्टीत येणार आहेत.

दुकानात मात्र काका अगदी वेगळे. औषध देताना तेच तेच सांगत. जेवणानंतर घ्या, जेवणानंतर, आता तुम्ही मला सांगा कधी घ्यायचं. गिऱ्हाईक बरोबर बोलेपर्यंत पुडकं हातातून सोडत नसत. मी एकदा विचारलं, "काका, तिथे बरं इतक्या वेळा सांगता?" तर म्हणाले, "दिवसाचा कोटा तिथेच संपतो."

मराठी मंडळींच्या जेवणावळीत काकांचं नाव 'विक्षिप्त' या एका शब्दात आटोपत. त्याचं कारण आग्रह. यजमानीणबाई पुरणपोळी घेऊन आल्या की काका म्हणत, "नको." बाईंनी दुसऱ्यांदा "अहो, एक तरी" म्हटलं की काका उठून हात धुवायला जात. तिसऱ्यांदा विचारायला बाई पोळी घेऊन मागे आल्या, तर काका गाडीत पट्टा लावून बसलेले असत. गॅरेजमध्ये पुरुषांचा ग्लासांचा कार्यक्रम चाले, तिकडे तर ते फिरकतही नसत. मग बायका म्हणत, "बायको ख्राइस्टचर्चला राहते ती उगाच नाही हो." काकू तिथल्या हॉस्पिटलात नर्स होत्या. 'तिची नोकरी तिथे आहे' एवढंच काका सांगत. अर्थात एकदाच.

आता तो तंबू.

दरवर्षी उन्हाळ्याच्या सुरुवातीला आमच्याजवळच्या एका मैदानावर बिअरची जत्रा भरायची. पांढऱ्या तंबूंच्या रांगा, सॉसेजचा धूर, पितळी वाद्यांचा बँड आणि दुपारी दोननंतर एकमेकांच्या गळ्यात पडणारे धिप्पाड लोक. या सगळ्याच्या टोकाला, प्रथमोपचाराच्या तंबूशेजारी, काकांचा तंबू. बाहेर पाटी: कॉफी, केक, शांतता. आत चर्चच्या हॉलमधून आणलेल्या खुर्च्या, धुतलेले टेबलक्लॉथ, गरम पाण्याचं पिंप आणि तीन-चार साधे केक. मैदानावरचा सगळा गोंगाट त्या कापडाच्या दाराशी येऊन अर्धा व्हायचा. आत बसलेली माणसं म्हणजे घरच्यांना गाडीतून परत न्यायला आलेल्या बायका, शब्दकोडं सोडवणारं एक म्हातारं जोडपं आणि काही गप्प पुरुष, जे बाहेरच्या बाजूला पाठ करून बसायचे. हे पुरुष कोण, हे मला कळायला हवं होतं.

कळायला हवं होतं, कारण काकांनी ते सांगितलं होतं. जत्रेच्या महिनाभर आधी, एका दुपारी. मी टीव्हीवर क्रिकेट बघत होतो. काका म्हणाले, "जत्रेत मदतीला येणार?" तोपर्यंत मी शहाणा झालो होतो. प्रश्न संपायच्या आत "हो" म्हणालो. मग काका बराच वेळ बोलले. त्यांच्या मानाने ते भाषणच होतं. डेव्ह नावाचा एक माणूस बँडमध्ये ट्यूबा, म्हणजे तो अंगाभोवती गुंडाळायचा प्रचंड भोंगा, वाजवतो. मागच्या वर्षी तो पिऊन ट्यूबासकट स्टेजवरून खाली पडला. त्यानंतर त्याने दारू सोडली. वाजवणाऱ्यांना तिथे सगळे फुकट पाजतात, म्हणून दोन कार्यक्रमांच्या मधे तो आपल्या तंबूत, दारू सोडलेल्या बाकीच्यांबरोबर, बसणार आहे. ही त्याची न पिता पहिली जत्रा. पाच वाजता बायको न्यायला येईल, तोवर निभावलं पाहिजे, कारण ती आता याच्यापुढे थांबणार नाही. तंबूत कुणालाही दोनदा विचारायचं नाही. आणि केक आणलास तर साधा आण, आत काही घालू नकोस.

यातलं शेवटचं वाक्य चालू असताना आपली विकेट पडली. मी म्हटलं, "अरेरे." काकांना वाटलं, मला डेव्हबद्दल वाईट वाटलं.

हे सगळं मला नंतर, हळूहळू आठवलं. त्या वेळी डोक्यात एकच गोष्ट राहिली: केक आण. मी ऑफिसात विचारलं. एका सहकारी बाईंनी त्यांच्या आजीचा नाताळचा केक सांगितला. सुका मेवा रममध्ये मुरवायचा, केक भाजला की वरून पुन्हा रम पाजायची. घरात दारूचा थेंब नव्हता. मला वाटायचं, काका दत्तभक्त असतील. म्हणून मी जन्मात पहिल्यांदा दारूच्या दुकानात शिरलो. आमच्या घराण्यात कफ सिरपसुद्धा दार लावून घेतात, त्यामुळे बाटली शर्टाखाली लपवून बाहेर आलो आणि दुकानदाराने मला चोर समजून पावती दाखवायला लावली. मेव्याची बरणी कपाटात शर्टांमागे ठेवली. पुढचे दिवस माझे शर्ट इतके घमघमत होते, की मॅनेजरने मला एकदा बाजूला घेऊन, घरी सगळं ठीक आहे ना, असं हळुवारपणे विचारलं. मीही हळुवारपणे म्हटलं, "केक करतोय." त्याचा विश्वास बसला नाही.

केक बॉटनी डाउन्सच्या मित्रांच्या ओव्हनमध्ये भाजला आणि जत्रेच्या सकाळी चांदीच्या कागदात गुंडाळून, एखाद्या बाळासारखा, तंबूत नेला. त्या अख्ख्या मैदानावर दारू नसलेली एकच जागा होती आणि तिथे दारू घेऊन जाणारा मी, घराण्यातला निर्व्यसनी मुलगा.

दुपारी काका पिंपासाठी पाणी आणायला गेले. तेवढ्यात डेव्ह आला. दाराएवढा माणूस, लाल चेहरा, केस घामाने कपाळाला चिकटलेले. त्याने ट्यूबा एका खुर्चीवर बसवला आणि स्वतः शेजारच्या खुर्चीवर बसला. बाहेरून कुणीतरी हाक मारत होतं, "डेव्ह, एकच घे रे, एक." तो वळला नाही. मी कॉफी दिली आणि विचारलं, "केक?"

"नाह, आय'म गुड, मेट."

हे तर पहिलं नको. ते मी मोजतच नाही. कागद उघडला. "मी स्वतः केलाय."

"दिसतोय मस्त. पण खरंच नको."

दुसरं. आता कुठे रंग भरायला लागला होता. माझ्यात आमच्या आत्या संचारल्या. मी भला मोठा तुकडा कापून बशीत घातला, बशी त्याच्यासमोर सरकवली आणि म्हटलं, "एवढासा. नाही घेतलात तर मला वाईट वाटेल."

डेव्ह सभ्य माणूस होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, उसासा टाकला आणि काटा उचलला. तो घास तोंडाशी नेतो आहे तोच मी विजयाच्या भरात म्हणालो, "महिनाभर रममध्ये मुरवलाय. वरून पण ओतली. हीप्स, भरपूर."

काटा थांबला. मला वाटलं, कौतुकाने थांबला.

त्याने तो सावकाश बशीत ठेवला. उठला नाही, रागावला नाही. दोन्ही तळहात मांड्यांखाली घातले आणि बशीकडे बघत बसला. शाळेत मुलांना हाताची घडी घालायला सांगतात, तसं काहीतरी त्याने स्वतःला सांगितल्यासारखं वाटलं. त्या क्षणी, विकेट पडलेल्या त्या दुपारचं सगळं भाषण मला पहिल्या शब्दापासून ऐकू आलं.

काका पाण्याचा डबा घेऊन दारात उभे होते. औषधवाल्याचं नाक. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, "हा केक बाहेर ने." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं वाक्य पूर्ण ऐकलं.

मी केक छातीशी धरून बाहेर गर्दीत येऊन उभा राहिलो. कुठे टाकावा कळेना. तेवढ्यात एकाने विचारलं, "ब्रो, काय आहे ते?" मी सांगितलं. त्याने एक तुकडा घेतला आणि त्याच्या मित्रांना हाक मारली. बघता बघता माझ्यापुढे रांग लागली. एका दाढीवाल्याने माझ्या कपाळाचा मुका घेतला. दुसरा म्हणाला, "पुढच्या वर्षी स्टॉल टाक." या देशात आल्यापासून इतका लोकप्रिय मी कधीच झालो नव्हतो आणि रडू येईल इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात तंबूचं कापड हललं. शेवटच्या कार्यक्रमासाठी डेव्हला स्टेजवर जायचं होतं आणि स्टेजपर्यंत दोन्ही बाजूंना बिअरचे तंबू होते. पण पुढे डेव्ह नव्हता. पुढे काका होते. त्यांनी ट्यूबा स्वतःच्या अंगात चढवला होता. खाली जँडल्स, वर पितळेचं भलंमोठं तोंड आणि मधे कुठेतरी सांगली. त्यांच्या मागोमाग, मान खाली घालून, डेव्ह. "डेव्ह, ये रे, आमच्याकडून एक," असं कुणी म्हणू लागलं की काका त्या दिशेला वळत, आणि ते पितळी तोंड अंगावर येताच माणसं ग्लास सांभाळत मागे सरत. अशा रीतीने ते दोघे स्टेजपर्यंत पोहोचले.

तो शेवटचा कार्यक्रम मी तंबूच्या दारातून ऐकला. मला संगीतातलं काही कळत नाही, पण त्या दिवशी मी फक्त ट्यूबा ऐकत होतो. तो थांबला की माझा श्वास थांबायचा. ट्यूबा मधे मधे थांबतच असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पाचाच्या सुमारास डेव्ह परत आला. सोबत एक बारीकशी बाई होती, हातात गाडीची किल्ली. तिने त्याच्याकडे नाही, काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. मग ती खुर्चीवर बसली, म्हणजे जवळजवळ कोसळलीच. डेव्हने काकांना विचारलं, "साधा केक उरलाय?" काकांनी त्याला केळ्याचा केक दिला. तो खाता खाता डेव्ह मला म्हणाला, "तुझा केक फार भारी होता म्हणे. सगळे बोलतायत." मी माफी मागायला तोंड उघडलं. तो म्हणाला, "स्वीट ऐज, मेट," म्हणजे जाऊ दे, झालं ते झालं. मी पुन्हा मागणार होतो. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसलो.

घरी जाताना गाडीत मी म्हटलं, "काका, तुम्ही ओरडला का नाहीत माझ्यावर?"

"तू काही वेगळं केलं नाहीस. आपल्याकडे असंच करतात."

मागे खुर्च्या खडखडत होत्या. सिग्नलला गाडी थांबली. मग ते म्हणाले, "मी पण प्यायचो. बायको म्हणाली, सोडा, नाहीतर मी जाईन. मला वाटलं, अजून एकदा म्हणेल. आपल्याकडे दुसऱ्यांदा म्हणतातच." सिग्नल हिरवा झाला होता, तरी गाडी उभीच. "नाही म्हणाली दुसऱ्यांदा."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. काका निघाले.

मी म्हटलं, "मग सोडल्यावर तुम्ही त्यांना परत बोलावलं नाहीत?"

"बोलावलं की. विचारलं."

"काय म्हणाल्या?"

"नको म्हणाली."

"किती वेळा विचारलंत?"

काकांनी गिअर बदलला. मी आयुष्यात कुणाला सल्ला देण्याच्या लायकीचा नव्हतो आणि त्या दिवशी तर नव्हतोच. पण नको या शब्दाचा माझा अभ्यास दांडगा होता. मी म्हटलं, "काका, काकू कुठल्या?"

"मिरजेच्या."

"मिरजेची बाई पहिल्यांदा हो म्हणेल का?"

घरी आल्यावर काकांनी विचारलं, "खिचडी टाकू?" मी म्हटलं, "हो." पुढे बरेच दिवस संध्याकाळी मी आलो, की फोनची वायर ताणून त्यांच्या खोलीच्या दाराखालून आत गेलेली दिसायची. मी रेडिओ मोठा करून बसायचो.

पुढच्या वर्षी मी तंबूत शिरलो तर टेबलापाशी एक बाई केळ्याचा केक कापत होत्या. सुती पंजाबी ड्रेस, डोक्यावर उन्हाची टोपी. काका म्हणाले, "ही." ओळख संपली.

"तुम्हीच का ते पुणेकर?" काकू म्हणाल्या. "राहायला आले नाहीये हो, बघायला आलेय. सोमवारी ड्युटी आहे माझी. यांनी इतक्या वेळा विचारलं, मला वाटलं तब्येत बिघडली की काय."

डेव्ह आला. ट्यूबा बसला, डेव्ह बसला. काकूंनी त्याला विचारलं, "केक?" तो नाह म्हणाला. "ओके," म्हणून काकूंनी सुरी खाली ठेवली. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"नको नको काकू, आत्ताच खाऊन आलोय," माझ्या तोंडून निघून गेलं.

"असं कसं? घ्या."

"खरंच नको."

"एवढासा. मी केलाय."

"बरं, थोडासा," म्हणून मी बशी पुढे केली. तुकडा चांगला चार बोटं जाड होता.

काका पिंपाशी पाठमोरे उभे होते. कप पुसून झाला होता, तरी पुसत होते. तसेच, न वळता, म्हणाले, "मला पण दे."

"तुम्हाला मगाशी विचारलं, तर नको म्हणालात."

"परत विचार," काका म्हणाले.